गच्चीवरचा दहावा ग्रह

कुंभकोणमपासून जवळच, तंजावर जिल्ह्यात, सूर्यनार कोविल नावाचं देऊळ आहे. मुख्य गाभाऱ्यात सूर्य, आणि बाकीचे आठ ग्रह आवारात आपापल्या छोट्या देवळांत. कावेरीच्या या पट्ट्यात नऊ ग्रहांची नऊ वेगळी क्षेत्रंही आहेत. चंद्राचं तिंगळूरला, शनीचं तिरुनळ्ळारला. ज्याला जो ग्रह छळतो त्यानं त्या दारी जाऊन दिवा लावावा, अशी चोख सोय. मराठी माणसाचं मात्र नवांवर भागत नाही. जावई हा दहावा ग्रह, हे आपल्याकडे पूर्वापार ठरलेलं आहे, आणि त्याचं देऊळ कुठेच नाही, कारण तो स्वतःच घरी येतो. एकोजीराजांच्या मागोमाग तंजावरला गेलेल्या मराठी घरांना या जिल्ह्यात साडेतीनशे वर्षं होत आली. तिथल्या गच्च्यांवर अलीकडे या दहाव्या ग्रहाचा नवा अवतार दिसू लागला आहे. अंगानं काळानिळा, काचेचा, घरातली सगळ्यात चांगली जागा अडवून, दक्षिणेकडे तोंड करून बसलेला. लोक त्याला सौर पॅनेल म्हणतात.

सौर विजेला नावं ठेवणारा माणूस हल्ली तुळशीला नावं ठेवणाऱ्यासारखा वाटतो, म्हणून आधीच सांगून टाकतो की तक्रार सूर्याबद्दल नाही. तंजावरात तो वेळेवर उगवतो, गरजेपेक्षा जास्त काम करतो आणि त्याबद्दल कधी बिल पाठवत नाही. तक्रार आहे ती सूर्य आणि दिवाणखान्यातलं बटण यांच्या मधल्या शेवटच्या पंचवीस फुटांबद्दल. पंधरा कोटी किलोमीटर ऊन बिनबोभाट येतं, आणि मग गच्ची लागते.

आधी पैशाचं बोलू, कारण पॅनेल विकणाराही आधी तेच बोलतो. फेब्रुवारी 2024 मध्ये केंद्र सरकारनं एक कोटी घरांसाठी सूर्यघर योजना आणली, 75,021 कोटी रुपयांची. पहिल्या दोन किलोवॅटना प्रत्येकी 30,000 रुपये अनुदान, तिसऱ्याला 18,000, आणि पुढे कितीही लावा, 78,000 च्या वर काही नाही. तीन किलोवॅटचा सरंजाम पावणेदोन-दोन लाखांना पडतो; अनुदान वजा जाता लाखभर रुपये घरातून जातात. आता तमिळनाडूची गंमत अशी की तिथे विजेचं बिल दोन महिन्यांनी येतं आणि 2016 पासून प्रत्येक बिलातली पहिली 100 युनिटं माफ आहेत. दोन महिन्यांत तीनशे युनिटं जाळणारं घर, म्हणजे पंखे, फ्रिज, मिक्सर, टीव्ही असलेलं सुखवस्तू पण बिनएसीचं घर, हजाराच्या आत सुटतं. वर्षाचे फार तर सहा हजार. तेच लाख रुपये बँकेत साडेसहा टक्क्यांनी ठेवले तर व्याजातूनच ईबीचं, म्हणजे वीज मंडळाचं, बिल भागतं, वर दिवाळीला पाचशे रुपये उरतात आणि मुद्दल जागच्या जागी राहतं. सूर्य फुकट वीज देतो हे खरं, पण ईबी त्याच्याहून फुकट देते. तिच्या फुकटला शिडी लागत नाही.

यावर कोणी म्हणेल, मग तीन किलोवॅटचा हव्यास कशाला, एकच लावा. बरोबर आहे. एक किलोवॅट तंजावरच्या उन्हात दिवसाला चारेक युनिटं देतो, दोन महिन्यांत दोनशे चाळीस. तीनशेवाल्या घराचं बिल त्यात जवळजवळ पुसलं जातं आणि खर्च अनुदानानंतर तीस-चाळीस हजारांवर थांबतो. आठ-नऊ वर्षांत पैसे फिटतात. हा हिशेब खोटा नाही, फक्त त्यात इन्व्हर्टरचं नाव घेतलेलं नसतं. पॅनेल पंचवीस वर्षं टिकतं म्हणतात, पण त्याचा हा भाऊबंद साधारण दहा-बारा वर्षांत मान टाकतो. म्हणजे पैसे फिटल्याचा आनंद साजरा करायला दोन-तीन वर्षं मिळतात आणि मग नवी पावती. शिवाय एकच किलोवॅट मागणाऱ्या गिऱ्हाइकाकडे विकणारा ज्या नजरेनं बघतो ती नजर आपल्या ओळखीची आहे. साडीच्या दुकानात फक्त ब्लाऊजपीस मागितला की ती मिळते.

बरं, पाहुणा आला. आता त्याचा स्वभाव. पॅनेलवर जो आकडा छापलेला असतो तो प्रयोगशाळेतला आहे: एका चौरस मीटरवर हजार वॅट प्रकाश आणि पॅनेलचं स्वतःचं तापमान 25 अंश. तंजावरात पॅनेलला 25 अंश भेटायचे ते पहाटे, म्हणजे जेव्हा ऊन नसतं तेव्हा. मे महिन्यातल्या अग्निनक्षत्रात, ज्याला तिकडे कत्तिरी वेयिल म्हणतात, हवाच चाळिशीला टेकते आणि गच्चीवरची काच साठ-पासष्ट अंशांपर्यंत तापते. पंचविसाच्या वरच्या प्रत्येक अंशाला पॅनेल साधारण एक तृतीयांश टक्का वीज कमी देतं. चाळीस अंश जास्त म्हणजे तेरा-चौदा टक्के गेले. थोडक्यात, उन्हावर चालणाऱ्या यंत्राला ऊन लागतं. त्याला उजेड हवा पण उष्मा नको. असं हवामान युरोपात असतं, पण तिथे उजेडाची बोंब. दिशेचीही अशीच तऱ्हा. भारतात पॅनेल दक्षिणेकडे झुकवायचं हा नियम दिल्ली-पुण्याला चोख बसतो. तंजावर जवळपास 11 अक्षांशावर. एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात सूर्य तिथे बरोबर डोक्यावर येतो, मग उत्तरेला सरकतो तो ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यातच परत डोक्यावर येतो. म्हणजे ऐन उन्हाळ्यात दुपारचा सूर्य उत्तरेकडे कललेला आणि आपला पाहुणा मानानं दक्षिणेकडे तोंड करून बसलेला. उतार दहाएक अंशांचाच असल्यानं नुकसान थोडं होतं हे मान्य, पण यजमानाकडे पाठ करून जेवायला बसणं शोभत नाही.

सावलीचं प्रकरण याहून गंभीर आहे. तंजावरच्या बृहदीश्वराच्या शिखराबद्दल एक आवडती आख्यायिका आहे की दोनशे फुटांहून उंच असूनही त्याची सावली जमिनीवर पडत नाही. पडते, चांगली पडते. देवळाच्या अंगणात अनवाणी चालणारे यात्रेकरू तीच शोधत असतात. राजराज चोळानं 1010 च्या सुमारास एवढं मोठं शिखर उभं केलं ते भौतिकशास्त्राचे नियम पाळूनच. पण सौर पॅनेलची माहितीपत्रकं अजून त्या आख्यायिकेवर विश्वास ठेवून छापली जातात. त्यांतल्या घराशेजारी दुसरं घर नसतं, पाण्याची टाकी नसते, आणि मुख्य म्हणजे नारळ नसतो. कावेरीच्या खोऱ्यात नारळाशिवाय घर दाखवणं म्हणजे कोकणात फणसाशिवाय. पॅनेलमधले सेल एकामागे एक जोडलेले असतात, एका दावणीच्या बैलांसारखे. एक बसला की रांग अडते. तेवढा भाग वगळून वीज पुढे नेणारे डायोड पॅनेलमध्ये असतात, पण एका पॅनेलमध्ये बहुधा तीनच, त्यामुळे झावळीची एक बोटभर सावलीसुद्धा पॅनेलचा तिसरा हिस्सा झोपवू शकते. आणि झावळी हलते. इंजिनियर सकाळी अकराला येऊन सावली मोजून जातो, ती चारला भलत्याच जागी पोचलेली असते. मग नारळ तोडायचा? कल्पवृक्ष तोडून पर्यावरण वाचवायचं, हा विचार करायलाही छाती लागते, आणि नारळ शेजाऱ्याचा असला तर वकील.

मग कावळे. तमिळ घरांत जेवणाआधी गच्चीवर किंवा कुंपणावर कावळ्याला भाताचा घास ठेवण्याची रीत आहे. आपल्याकडे पितृपक्षापुरती जी मनधरणी चालते ती तिथे अनेक घरांत रोजची. पूर्वज रोज येतात, जेवतात, आणि तृप्त होऊन आशीर्वाद देतात तो काचेवर. धूळ पावसानं जाते. हा आशीर्वाद जात नाही. तो जिथे वाळतो तो सेल काळवंडतो, तापतो, आणि वर सांगितलेली बैलांची रांग पुन्हा अडते. म्हणून दर आठवड्या-पंधरवड्याला पाय धुणं आलं. खऱ्या जावयाचा धोंड्याचा महिना तीन वर्षांतून एकदा येतो. याचा दर पंधरा दिवसांनी. तेही मुहूर्त पाहून, कारण तापलेल्या काचेवर गार पाणी टाकलं तर काच तडकण्याची भीती, म्हणून उजाडताच जायचं. पाणी बोअरचं असेल तर त्यातला क्षार वाळून काचेवर पांढरी रांगोळी उमटते, ती पुसायला पुन्हा चढायचं. गच्ची वापरात राहावी म्हणून हल्ली पॅनेल सात-आठ फूट उंच लोखंडी मांडवावर बसवतात. कल्पना छान आहे. फक्त त्यामुळे पंचावन्न वर्षांच्या, गुडघे दुखणाऱ्या गृहस्थाला गच्चीच्याही वर, शिडीवर, हातात पोतेरं घेऊन उभं राहावं लागतं. रामनाथपुरम जिल्ह्यात कामुदीला 2016 साली 648 मेगावॅटचा सौर प्रकल्प उभा राहिला, तिथली पॅनेलं रोज यंत्रमानव पुसतात. घरच्या प्रकल्पात त्या जागेवर घरच्याच माणसाची नेमणूक होते, आणि ती सहसा त्याला विचारून होत नाही.

हे सगळं सोसूनही माणूस पॅनेल लावतो तो एका स्वप्नापायी: करंट गेला तरी आपल्या घरी दिवे असतील. आणि इथेच सगळ्यात मोठा विनोद आहे. अनुदानावर घराघरांत बसतो तो इन्व्हर्टर बहुधा ईबीच्या तारेला बांधलेला असतो. तारेत वीज असेल तरच तो चालतो. तारेतली वीज गेली की तोही हात जोडून बसतो. यामागचं कारण शहाणपणाचं आहे. खांबावर चढलेला वायरमन लाईन बंद आहे असं समजून काम करत असतो; त्या वेळी कुणाच्या गच्चीवरून वीज उलटी तारेत आली तर तो जीव गमावेल. म्हणून करंट गेला की पॅनेलनं झोपायचं, असा जगभरचा नियम. नियमाविरुद्ध बोलायला जागाच नाही, पण दृश्य पाहा. भर दुपार, बाहेर डोळे दिपवणारं ऊन, डोक्यावर तीन किलोवॅट, आणि त्याखाली कुटुंब ताडाच्या पानाच्या विंझण्यानं वारा घेतंय. 16 नोव्हेंबर 2018 ला गज चक्रीवादळ नागपट्टिणम आणि वेदारण्यम यांच्या दरम्यान किनाऱ्याला धडकलं, तंजावर-तिरुवारूरपर्यंत नारळाच्या बागा आडव्या झाल्या आणि विजेचे खांब तर लाखाच्या घरात पडले. वाऱ्यानं पॅनेल जागेवर ठेवलं असतं तरी तारेला बांधलेल्या घराला ईबीच्या खांबाची वाट पाहणं चुकलं नसतं, आणि आतल्या गावांना त्या वेळी खांबांची वाट पुष्कळ दिवस पाहावी लागली. बॅटरी लावली की हा प्रश्न सुटतो असं सांगतात. सुटतो. बॅटरीचा खर्च, तिची जागा, आणि काही वर्षांनी तिचं मरण, हे प्रश्न मात्र सोबत येतात, आणि तिच्यासाठी वेगळं अनुदान या योजनेत नाही.

आता मूळ मुद्दा. पॅनेल लावणारा समजतो की आपण ईबीपासून स्वतंत्र झालो. प्रत्यक्षात तो ईबीशी तह करतो. दिवसा घरात कोणी नसताना पॅनेल वीज बनवतं, ती तारेत जाते. रात्री सगळे घरी आल्यावर तारेतून वीज येते. दुतोंडी मीटर दोन्हींचा हिशेब ठेवतो आणि कोणत्या युनिटाला काय भाव ते वीज आयोग ठरवतो. तंजावरच्या माणसानं हे वाचताना थांबायला हवं, कारण असा तह त्या गावानं एकदा केलेला आहे. 1799 मध्ये सरफोजीराजांनी राज्यकारभार ईस्ट इंडिया कंपनीच्या हाती दिला. त्यांच्याकडे राहिला तंजावरचा किल्ला, वर्षाला एक लाख पगोडा नाणी आणि महसुलाचा पाचवा हिस्सा. घरच्या सौर विजेचा नमुना यापेक्षा वेगळा नाही: गच्ची तुमची, उत्पन्न तारेत, हिस्सा आयोग ठरवील तो. राजे शहाणे होते, त्यांनी रिकाम्या वेळात सरस्वती महाल ग्रंथालय वाढवलं आणि 1803 मध्ये भोसल्यांचा इतिहास बृहदीश्वराच्या भिंतीवर मराठीत कोरून घेतला. पण तहाचं पुढे काय झालं? 1855 मध्ये सरफोजींचे चिरंजीव शिवाजीराजे मुलाविना वारले आणि कंपनीनं गादीच निकालात काढली. कागद तोच, वाचणारा बदलला.

हे पॅनेलवाल्यांना घाबरवण्यासाठी उकरून काढलेलं नाही. आजची सरकारं आणि वीज आयोगही हेच करत आहेत. कॅलिफोर्नियात एप्रिल 2023 पासून नव्या सौर घरांना तारेत सोडलेल्या विजेचा भाव पूर्वीच्या मानानं सुमारे पाऊण भागानं कमी करण्यात आला. नेदरलँड्समध्ये दिलेलं युनिट आणि घेतलेलं युनिट सारखंच मोजण्याची पद्धत 1 जानेवारी 2027 ला बंद होण्याचा कायदा झाला आहे. स्पेननं तर 2015 साली स्वतःची वीज स्वतः बनवणाऱ्यांवर आकार लावला, लोकांनी त्याला सूर्यावरचा कर असं नाव ठेवलं, आणि 2018 मध्ये तो मागे घ्यावा लागला. यात कुणाचा दुष्टपणा नाही. दुपारी सगळ्यांच्याच गच्च्या वीज ओतू लागल्या की तिला गिऱ्हाईक उरत नाही, संध्याकाळी सगळेच मागायला येतात, आणि तारा-खांबांचा खर्च कुणीतरी भरायचाच असतो. भाजीबाजारात कोथिंबिरीचं जे होतं तेच. तक्रार एवढीच की काचेला पंचवीस वर्षांची हमी मिळते आणि जिच्यावर सगळा हिशेब उभा आहे त्या नियमाला पुढच्या दरपत्रकापर्यंतचीही मिळत नाही.

या सगळ्याला दोन खरी उत्तरं आहेत आणि ती टाळणं बरं नव्हे. पहिलं, ज्या घरात दोन-तीन एसी आहेत, दोन महिन्यांत हजार युनिटं जातात, तिथे वरच्या स्लॅबचे दर असे चढतात की पॅनेल थोड्या वर्षांतच पैसे फेडतं. मान्य. म्हणजे ज्याच्या घरी एसी त्याला सूर्य पावतो, आणि अनुदान बिनएसीवाल्यांच्याही करातून जातं. दुसरं उत्तर जास्त वजनाचं आहे. कामुदीसारखे प्रकल्प स्वस्त पडतात, पण ते जमीन खातात, आणि तंजावर हा भाताचा मुलूख. 2020 मध्ये तमिळनाडूनं कायदा करून हा कावेरीचा पट्टा संरक्षित कृषिक्षेत्र ठरवला. भाताच्या खाचरावर काच अंथरण्यापेक्षा गच्चीवर अंथरलेली केव्हाही बरी. यावर प्रतिवाद नाही. फक्त हे देशाच्या फायद्याचं काम आहे, तेव्हा ते घरखर्चातली बचत म्हणून न विकता दान म्हणून मागितलं असतं तर पुष्कळांनी आनंदानं दिलं असतं. दानात दिलेल्या गोष्टीचा कुणी दर महिन्याला हिशेब काढत नाही. पंचवीस वर्षांनी त्या काचेचं काय करायचं हेही मग दात्यानं विचारलं नसतं. 2022 च्या ई-कचरा नियमांत पॅनेलं आली आहेत, आणि 2034-35 पर्यंतचा त्यांचा कचरा उत्पादकानं साठवून ठेवायचा आहे. गल्लीतला भंगारवाला मात्र ॲल्युमिनियमची चौकट आणि तांब्याची तार सोडवून घेतो आणि काच मालकाला नम्रपणे परत करतो.

राहता राहिली गच्ची. तीन किलोवॅटना सुमारे तीनशे चौरस फूट लागतात, आणि ते रिकामे होते असं फक्त नकाशा काढणाऱ्याला वाटतं. तिथे ऊन आधीच कामाला लावलेलं होतं. कत्तिरी वेयिलमध्ये घराघरांतून वडाम आणि ताकातल्या मिरच्या वाळत पडतात, मराठी घरांत कोहळ्याचे सांडगे आणि कुरडया. आणि कोपऱ्यातली काळी प्लॅस्टिकची टाकी दुपारपर्यंत असं पाणी तापवते की संध्याकाळी नळाखाली हात धरवत नाही. सौर बंब कुणी विकत न घेता मिळालेला. आता तिथे मांडव उभा राहिला की त्याखाली दाट सावली पडते. खालची खोली खरोखर थंड होते, पंखा एका अंकानं कमी ठेवला तरी चालतो, आणि दुपारी करंट गेला की घरातली माणसं चटई घेऊन त्या सावलीत येऊन बसतात. सांडग्यांची ताटं मात्र शेजारच्या गच्चीवर न्यावी लागतात. तिथे ऊन भरपूर असतं. त्यांच्या नारळाची सावली आपल्याकडे पडते ना. दोन ताटांमागे एक वाटी वाळलेले सांडगे शेजारणीचे, असा दर ठरलेला आहे.